गुडघ्याची साक्ष

फॉर्ममधला अकरावा प्रश्न होता: ‘गेल्या वर्षभरात गुडघा, घोटा, पाठ किंवा खांद्याला काही दुखापत झाली आहे का?’ खाली दोन गोल. हो आणि नाही. मी बसमध्ये उभी होते. एका हातानं वरची दांडी धरलेली. दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं ‘नाही’ दाबलं आणि बाराव्या प्रश्नावर गेले. तो जेवणाबद्दल होता, शाकाहारी की मांसाहारी. तिथं मात्र मी खरं उत्तर दिलं.

जुलैमध्ये पावसात माझी स्कूटर घसरली होती. उजवा गुडघा पिरगळला. एमआरआयमध्ये मेनिस्कसला, म्हणजे मांडी आणि नडगीच्या हाडांमध्ये जी कूर्चेची गादी असते तिला, बारीकशी चीर दिसली. ऑपरेशनची गरज नाही, तीन महिने नेमानं व्यायाम करा, पूर्ण खाली बसणं टाळा, असं डॉक्टर म्हणाले. मी सहा आठवडे व्यायाम केला. मग दुखायचं थांबलं, म्हणून व्यायामही थांबला. फॉर्म आला डिसेंबरात. जुलै गेल्या वर्षभरात येतो हे कळायला कॅलेंडर लागत नाही.

तरी आपण खोटं बोलतोय असं तेव्हा मला अजिबात वाटलं नव्हतं, आणि हा लेख त्याबद्दलच आहे. माझ्या डोक्यात एक वकील बसलेला होता आणि त्याच्याकडे पुरावे होते. दुखत नाही म्हणजे दुखापत नाही. ‘दुखापत’ म्हणजे प्लास्टर, टाके, असलं काहीतरी. बारीकशी चीर तर निम्म्या जगाच्या गुडघ्यात असेल. आणि सगळ्यांत भक्कम पुरावा म्हणजे नोव्हेंबरात आतकरवाडीतून सिंहगड पंचावन्न मिनिटांत. त्याचा स्क्रीनशॉटही होता.

सिंहगड म्हणजे पुणेकरांचा घरगुती थर्मामीटर. हिमालयात जायचं ठरलं की लोक पहाटे उठून आतकरवाडी गाठतात, सॅकमध्ये पाण्याच्या भरलेल्या बाटल्या टाकून वजन वाढवतात आणि वर पोचल्या पोचल्या घड्याळ बघतात. मीही बघितलं. मग पिठलं-भाकरी खाल्ली, मटक्यातलं दही खाल्लं आणि शेअर जीपमध्ये बसून खाली आले. आपण उतरलोच नाही, हे त्या पंचावन्न मिनिटांच्या आनंदात माझ्या लक्षातही आलं नाही.

गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर होते. चढताना मांडीचे स्नायू आखडून अंग वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेक लावत असतात. हे काम त्यांना जास्त मोडतं, म्हणून तर उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो. मी परीक्षेचा अर्धाच पेपर सोडवला होता आणि वरचे मार्क सगळ्यांना दाखवत फिरत होते.

विल्यम क्लिफर्ड नावाचा एक इंग्रज गणिती होता. १८७७ साली त्यानं विश्वास ठेवण्याच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक येतो. जहाज जुनं, अनेकदा दुरुस्त केलेलं. देशांतराला निघालेली कुटुंबं त्यात बसणार आहेत. मालकाच्या मनात शंका येते: एकदा नीट तपासून घ्यावं का? पण खर्च आहे, उशीर होईल. मग तो स्वतःची समजूत घालतो. इतक्या सफरी केल्या, इतकी वादळं सोसली, आत्ताच काय होणार आहे? देव आहे ना. हळूहळू त्याची खरोखर खात्री पटते. तो प्रामाणिकपणे, हलक्या मनानं जहाजाला निरोप देतो. जहाज भर समुद्रात बुडतं आणि तो विम्याचे पैसे घेतो.

क्लिफर्ड म्हणतो, त्याचा विश्वास प्रामाणिक होता ही सबब चालणार नाही, कारण तो विश्वास त्यानं तपास करून मिळवलेला नाही, शंका दडपून मिळवलेला आहे. आणि पुढचं वाक्य आणखी कडक आहे. जहाज बुडालं नसतं तरी तो तितकाच दोषी ठरला असता. फक्त ते कुणाला कळलं नसतं.

हा निबंध मी ट्रेकनंतर दोन महिन्यांनी वाचला. क्लिफर्ड स्वतः जहाज फुटण्याच्या अनुभवातून गेला होता. १८७० साली सूर्यग्रहण बघायला निघालेल्या मोहिमेत तो होता आणि त्यांचं जहाज सिसिलीजवळ फुटलं. तो वाचला. त्यामुळे त्याचा जहाजमालक मला नुसता वर्गात फळ्यावर काढलेला वाटत नाही.

आता माझं जहाज. हरिश्चंद्रगडावर जायला बऱ्याच वाटा आहेत. पाचनईची सोपी. खिरेश्वरहून तोलार खिंडीतून येणारी लांबलचक. आमची होती नळीची वाट. ही ठाणे जिल्ह्यातल्या बेलपाडा गावातून, कोकणकड्याच्या पायथ्यापासून निघते आणि कड्याशेजारच्या अरुंद घळीतून वर घुसते. चढ साधारण हजार मीटरचा. वाट कसली, ओढ्याचं कोरडं पात्रच ते. घरातल्या कपाटाएवढे धोंडे, मग घसारा, मग दोर लावून चढायचे कातळटप्पे. मध्ये गाव नाही, भरवशाचं पाणी नाही. आणि एक कातळटप्पा चढून गेलं की मागे फिरणं पुढे जाण्यापेक्षा अवघड होत जातं.

सिंहगडाच्या पायवाटेवर पाय वीतभर उचलला की भागतं. इथं गुडघा छातीपाशी आणायचा, पाऊल धोंड्यावर ठेवायचं आणि त्याच एका पायावर सगळं अंग वर ओढायचं. म्हणजे डॉक्टरांनी नेमकं जे टाळायला सांगितलं होतं तेच, काही हजार वेळा. सकाळी सहाला निघालो. साडेदहाला गुडघ्यात आतल्या बाजूला पहिली सुई टोचली.

लीडर दादांनी विचारलं, “पाय ठीक आहे ना?”

“हो, जरा आखडलाय.”

पहिल्या कातळटप्प्याखाली ते पुन्हा माझ्याजवळ आले. बेलपाड्याचे मामा दोर घेऊन वर गेले होते. दादा हळू आवाजात म्हणाले, “कुणाला परत फिरायचं असेल तर हीच जागा. मी एक माणूस सोबत देतो. यात कमीपणा काही नाही.” ‘कुणाला’ म्हणाले, पण बघत माझ्याकडे होते. मी बाटलीचं झाकण लावत म्हणाले, “मला काही झालेलं नाही.”

फॉर्मवरच्या खोट्याबद्दल मी स्वतःशी पुष्कळ वाद घालू शकते. या खोट्याबद्दल नाही. इथं मला माहीत होतं.

दुपारी दोनपर्यंत मी अकरा जणांच्या रांगेत सगळ्यांत मागे होते. गुडघा सुजून पॅंटला घट्ट बसला होता. माझ्यामुळे सगळे थांबत होते, आणि थांबले की पाणी पीत होते. चारला पाणी रेशनवर आलं. कॉलेजातला एक मुलगा होता, त्याचा हा पहिलाच मोठा ट्रेक. तो न विचारता माझी सॅक घेऊन गेला, स्वतःची पाठीवर आणि माझी पोटावर. “ताई, तुम्ही नुसत्या या,” म्हणाला. अंधार पडला तेव्हा आम्ही घळीच्या वरच्या टोकाजवळच्या घसाऱ्यावर होतो. खरं तर त्या वेळी आम्ही वर चहा पीत बसलेलो असायला हवं होतं. पोटावर सॅक असल्यामुळे त्याला स्वतःची पावलं दिसत नव्हती. तो घसरला. फार नाही, दोन-तीन मीटर. डावा हात खाली टेकला आणि मनगट मोडलं.

रात्री आम्ही वर पोचलो. सकाळी त्याला पाचनईनं उतरवून दवाखान्यात नेलं. मीही त्याच वाटेनं उतरले, दोन काठ्या घेऊन, शेवटच्या दीड तासात बाजूला पाऊल टाकत, खेकड्यासारखी. मला कुणी काही बोललं नाही. ग्रुपवर उलट माझ्या जिद्दीचं कौतुक झालं. हाताच्या अंगठ्यांची रांग लागली. ते अंगठे बघवत नव्हते.

हिशोब मांडायला गेलं तर सरळ रेष निघत नाही. घसारा मी केला नव्हता. सॅक घे असं मी म्हटलं नव्हतं. धडधाकट माणसंही घसरतात. वकील अजून आहे डोक्यात. पण क्लिफर्डनं त्याची बोलती बंद केली, कारण तो परिणामांचा हिशोब मागतच नाही. तो मुलगा घसरला नसता, आम्ही वर पोचून चहा प्यायलो असतो, तरी बसमधला तो अंगठा तोच राहिला असता.

आणि तरीही क्लिफर्डला पूर्ण मान द्यावासा वाटत नाही, कारण त्या दिवशीची आणखी एक गोष्ट खरी आहे. दुसरा कातळटप्पा. वर आधार नाही, डावीकडे पोकळी, उजवा पाय भरवशाचा नाही. तिथं मी स्वतःला सांगितलं, जमेल, आणि जमलं. ‘जमणार नाही’ असं ठरवून हात घातला असता तर नक्की सुटला असता. अमेरिकी विचारवंत विल्यम जेम्सनं क्लिफर्डला उत्तर देताना हीच बाजू लावून धरली होती. त्याच्याकडेही एक उदाहरण आहे, तेही डोंगरातलं. एक माणूस चढता चढता अशा जागी अडकतो की भीषण उडी मारल्याशिवाय सुटका नाही. उडी जमेल असा विश्वास धरला तर पायात बळ येतं आणि जमते. शंका धरली तर कचरतो आणि पडतो. अशा जागी विश्वास आधी येतो आणि पुरावा त्यातून तयार होतो.

जेम्स बरोबर आहे, पण त्याच्या माणसापुढे दुसरी वाट उरलेली नाही. माझ्यापुढे होती. बसमध्ये होती, पहिल्या टप्प्याखाली होती. शिवाय उडी क्षणाची असते. क्षणभर विश्वास अंगात बळ भरू शकतो. बारा तास तो कूर्चेला पुरत नाही. जेम्सची स्वतःची गोष्ट या बाबतीत वाईट आहे. त्याला डोंगर फार आवडत. १८९८ साली, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, अॅडिरॉन्डॅक डोंगरात त्यानं झेपणार नाही इतकी चाल केली आणि हृदयाला कायमची इजा करून घेतली. पुढच्या वर्षी तिथंच वाट चुकून पुन्हा ताण पडला. १९१० साली तो हृदयविकारानंच गेला. आणि क्लिफर्ड? पुराव्याशिवाय काही मानू नका म्हणणारा, अंगानं काटक, कसरतींचा अभिमान असलेला. रात्ररात्र काम करायचा. तेहेतिसाव्या वर्षी क्षयानं गेला. दोघंही हुशार होते आणि स्वतःच्या शरीराबाबत दोघांचाही अंदाज चुकला. मला त्यात थोडा दिलासा वाटतो, जो वाटू नये.

आठ महिन्यांनी मी त्या मुलाला भेटून खरं सांगितलं. मनगट जुळलं होतं, थंडीत दुखतं म्हणाला. सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “पण ताई, तुम्ही ‘हो’ लिहिलं असतं तर तुम्हाला घेतलंच नसतं ना? मीपण दम्याचं लिहिलं नव्हतं. लहानपणी होता.”

हे मला सुचलं नव्हतं. मी माझ्या खोट्याकडे एकटीचं पाप म्हणून बघत होते. पण ज्या फॉर्मवर खऱ्याची शिक्षा म्हणजे घरी बसणं आणि खोट्याचं बक्षीस म्हणजे कोकणकडा, तो फॉर्म माणसांना खोटं बोलायला शिकवतो. अकरा जणांच्या रांगेत आणखी किती ‘नाही’ चालत होते कोण जाणे. याचा अर्थ माझी सुटका झाली असा नाही. पण प्रश्न बदलायला हवा हे कळलं. आमच्या दादांनी तो बदललाय. आता ते फोन करतात आणि विचारतात, “शेवटचा मोठा ट्रेक कधी केला? दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना काय झालं?” याला हो-नाही चालत नाही. आणि गुडघ्याचं सांगितलं तर ते म्हणतात, “मग या खेपेला पाचनईनं या, वर भेटू.”

जिन्याचा प्रश्न वाटतो त्यापेक्षा शहाणा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हार्वर्डच्या प्रयोगशाळेत एक चाचणी तयार झाली. सुमारे पन्नास सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर मिनिटाला तीस वेळा, पाच मिनिटं चढ-उतर करायची आणि मग बसून नाडी मोजायची. मोजतात ती काम चालू असतानाची धडधड नव्हे. काम संपल्यावर ती किती लवकर खाली येते, ते मोजतात. आपण तयारी सांगताना बरोबर उलटं करतो, आपला सगळ्यांत चांगला दिवस सांगतो. डोंगराला तुमच्या पंचावन्न मिनिटांशी घेणंदेणं नाही. दहाव्या तासाला, तहानलेल्या अवस्थेत, दुसऱ्याची सॅक घ्यायची वेळ आली तर तुमच्याकडे काय शिल्लक असेल, एवढंच त्याला बघायचं असतं. पाठीवर वजन घेऊन चढा, पायीच उतरा, दुसऱ्या दिवशी परत जा. चालता चालता पूर्ण वाक्य बोलता येतंय का बघा. यासाठी घड्याळ लागत नाही, सोबत कुणीतरी लागतं.

आणि काही गोष्टी आधी मोजताच येत नाहीत. हिमालयातल्या ट्रेकसाठी पाच किलोमीटर इतक्या मिनिटांत धावून दाखवा अशी अट घालतात. त्यानं फुप्फुसं आणि पाय कळतात. पण अडीच हजार मीटरच्या वर उंची कुणाला लागेल ते त्यावरून कळत नाही. मॅरेथॉनवाल्यालाही लागते. उलट दम आहे म्हणून भराभर वर जाणारा जास्त अडचणीत येऊ शकतो. तिथं तुमचं फिटनेसचं सर्टिफिकेट खालीच राहतं. संध्याकाळी तंबूत कुणी विचारलं, “डोकं दुखतंय का?” तर काय उत्तर देता, तीच तयारी. फॉर्म पहिल्या दिवशी भरून संपत नाही, दर दोन तासांनी पुन्हा भरावा लागतो.

एवढं सगळं शहाणपण आल्यावर मी एक चूक केली. वडील बासष्ट वर्षांचे आहेत, बीपीची एक गोळी चालू आहे. ते म्हणाले, “कळसूबाईला जाऊ या एकदा. जमेल ना मला?” मी ताबडतोब ‘नाही’ म्हणाले. १६४६ मीटर, शिड्या, परत उतरायचं, बाबा उगाच कशाला. आईसुद्धा खूश झाली. बाबा पेपर वाचायला लागले. दोन दिवस ते माझ्याशी कमी बोलले.

मग आठवलं की पूर्वी मी नवरात्रात बारीहून कळसूबाईला गेले होते. शिड्यांवर माझ्यापुढे नऊवारीतल्या दोघी होत्या. बाबांहून मोठ्याच असतील. एकीच्या हातात पूजेचं ताट, दोघी अनवाणी. त्यांना कुणी फॉर्म दिला नव्हता. अर्थात त्या रोजच डोंगर चढतात-उतरतात, आणि बाबांची वर्षं बॅंकेच्या खुर्चीत गेली, हेही खरंच. पण मी बाबांचं काहीच तपासलं नव्हतं. एका आकड्यावर निकाल दिला होता. ॲरिस्टॉटल म्हणतो, स्वतःची लायकी फुगवून सांगणारा चुकतो, पण आपल्या लायकीहून कमी मागणारा त्याहून वाईट चुकतो आणि असे लोक जास्त असतात. दुसऱ्याला कमी लेखून त्याच्या काळजीनं त्याला घरी बसवणाऱ्यांची संख्या त्यात धरली आहे की नाही, ठाऊक नाही. जहाज न तपासता पाठवणं आणि न तपासता बंदरात कुजत ठेवणं, दोन्हीत तपास चुकवलाच आहे.

म्हणून आधी बाबा डॉक्टरांकडे जाऊन आले. मग महिनाभर पर्वतीच्या शंभरावर पायऱ्या, आधी एकदा, मग तीनदा. काल आम्ही सिंहगडावर गेलो. चढायला दोन तास लागले. बाबा बोलत होते, म्हणजे दम ठीक होता. त्यांच्या बॅंकेतल्या एका घोटाळ्याची गोष्ट त्यांनी मला तिसऱ्यांदा सांगितली. वर दही खाल्लं. जीपवाले ओरडत होते. आम्ही पायी उतरलो.

रात्री जेवताना बाबा एकदम म्हणाले, “उतरताना शेवटी डावा पाय थरथरत होता. तुला बोललो नाही.”

“किती वेळ?”

“अर्धा तास असेल. मला वाटलं तू रद्द करशील.”

मी रद्द केलं नाही. नोव्हेंबरातलं जानेवारीत ढकललं. बाबांनी ते मान्य केलं, भातावर आमटी घेतली आणि विचारलं, “तुझ्या गुडघ्याचं काय?”

“ठीक आहे,” मी म्हणाले. मग म्हणाले, “कधीतरी टोचतं अजून.”

“कधीतरी म्हणजे,” बाबा म्हणाले, “आठवड्यातून किती वेळा?”